बाईंची कवळी आणि तीन मांजरं

मामाच्या कारखान्यात तीन मांजरं आहेत आणि तिघांचाही कामाशी काडीचा संबंध नाही, असं मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. कारखाना हा शब्द तसा मोठाच आहे. घराच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या, त्यात एक लांब टेबल, पॉलिशचं मशीन, गरम पाण्याची टाकी आणि भिंतभर फळ्यांवर मांडलेले प्लास्टरचे जबडे. इथे कवळ्या बनतात. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात, मामा त्यावरून मेणाचा नमुना करून त्यात दात बसवतो, मग मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरून ते टाकीत शिजवतो. घासून चकचकीत करायचं काम मामीचं. मी पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन पुढच्या प्रवेशाची वाट पाहत होते, तेव्हा चार महिने हाताला काहीतरी काम असावं म्हणून आईने मला तिथे धाडलं. मामा मला ‘शास्त्रज्ञ’ म्हणायचा. पहिल्या आठवड्यात ते कौतुक होतं. नंतर नक्की काय होतं, ते मला ठरवता आलं नाही.

मांजरांबद्दल आधी सांगायला हवं.

हवालदार हा राखाडी बोका. तो दाराशी बसतो आणि आत येणाऱ्याची पिशवी हुंगतो, मग बूट, मग माणूस. डॉक्टरांकडची पार्सलं आणणारा माणूस आता त्याच्यासमोर आपणहून पिशवी उघडून धरतो आणि परवानगी मिळाल्यासारखा आत येतो. हवालदाराला चावायची सवय आहे, पण रागाने नाही. कुठलीही वस्तू दाताखाली घेतल्याशिवाय ती खरी आहे यावर त्याचा विश्वासच बसत नाही.

शंका काळी-तपकिरी. ती उंबरठ्यावर थांबते. मी घड्याळ लावून पाहिलं आहे: दार पूर्ण उघडं असेल तर सरासरी चाळीस सेकंद, अर्धवट असेल तर तीन मिनिटं. एवढा विचार करून ती बऱ्याचदा मागे फिरते. मामी म्हणते, हिचं लग्न जमवायचं असतं तर दोन्हीकडची माणसं म्हातारी झाली असती.

तिसरी पिठी. पांढरीशुभ्र, आणि काम एकच, झोप. माझ्या नोंदींप्रमाणे दिवसाचे एकोणीस तास. ती कुठे झोपते यात मात्र एक सूत्र होतं आणि ते शोधण्यात माझे दोन आठवडे गेले. मी कारखान्याचा थर्मामीटर घेऊन घरभर फिरले, कुठल्या वेळी कुठली जागा किती गरम असते त्याचा तक्ता केला. पिठी ज्या जागेवर असायची ती त्या वेळची घरातली सर्वांत गरम मोकळी जागा असायची. सकाळी नऊला खिडकी, दहानंतर टाकीचं झाकण, टाकी गार झाली की फ्रीजच्या मागचा कोपरा. अठ्ठावीस नोंदींपैकी सव्वीस बरोबर. मी तो तक्ता मामीला दाखवला. ती म्हणाली, थर्मामीटर न घेता मला विचारलं असतंस तर पोळ्या होईपर्यंत सांगून झालं असतं.

आता बाई. बाई म्हणजे मामाच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली. मामा बावन्न वर्षांचा आहे, त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्यात, पण बाई कारखान्यात आल्या की तो हात मागे बांधून उभा राहतो. शाळेत त्याचं नाव चुळबुळ्या होतं आणि बाई अजून त्याला त्याच नावाने हाक मारतात. मामीने ते पहिल्यांदा ऐकलं त्या दिवसापासून घरात मामाला दुसरं नाव उरलेलं नाही.

त्या आठवड्यात बाईंची वरची कवळी हातातून निसटून बेसिनमध्ये पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. शनिवारी दुपारी सव्वाचारला शाळेचा पन्नासावा वर्धापनदिन होता आणि मुख्य भाषण बाईंचं होतं. भाषण त्यांनी महिनाभर लिहिलं होतं. जुन्या विद्यार्थ्यांपैकी काहीजण परगावाहून येणार होते. बाईंनी डॉक्टरांमार्फत माप पाठवलं आणि सोबत चिठ्ठी दिली: दात नसतील तर मी व्यासपीठावर चढणार नाही. मामाने उलट निरोप दिला की शनिवारी दुपारी साडेतीनला कवळी तयार असेल, त्याची काळजी नको. तो निरोप देताना त्याने फोन दोन्ही हातांनी धरला होता.

शनिवारी बारा वाजून दहा मिनिटांनी मामीने शेवटचा हात फिरवला. कवळी खरंच सुंदर झाली होती. मामाने मुद्दाम पुढचा एक दात किंचित तिरका बसवला होता, कारण त्याच्या आठवणीतल्या बाईंचा तो दात तसाच होता. कवळी कोरडी ठेवायची नसते, म्हणून त्याने ती कोमट पाण्याच्या वाडग्यात घालून टेबलावर ठेवली, टाकी बंद केली आणि आम्ही वर जेवायला गेलो.

एकला दहा कमी असताना आम्ही खाली आलो तर वाडगा होता, पाणी होतं, कवळी नव्हती.

पहिली दहा मिनिटं आम्ही तिघांनी जे केलं त्याला शोधणं म्हणता येणार नाही. मामा एकच खण पुन्हा पुन्हा उघडत होता. मामीने वाडग्यातलं पाणी गाळून पाहिलं. मग टेबलाच्या कडेला मला गुलाबी मेणाची एक पट्टी दिसली. ती सकाळी सपाट होती, आता तिच्यावर दोन खोल टोचे होते, शेजारी शेजारी, आणि पट्टी उलटी केली तर खालीही दोन. वाडग्यापासून टेबलाच्या काठापर्यंत पाण्याचे थेंब पडले होते, काठाच्या पुढे काही नाही.

“मांजर,” मामा म्हणाला.

इथे आमच्या हातून ती चूक झाली, जी दुसऱ्या कुठल्या घरात झाली नसती. साधी माणसं घर धुंडाळायला लागली असती. पण मामाने सत्तावीस वर्षं दातांचे ठसे पाहण्यात घालवलेली आणि मी नुकतीच पदवी घेतलेली. आमच्या दोघांच्या डोळ्यांत एकाच वेळी तीच चमक आली. कोणाच्या दाताचा ठसा आहे हे कळलं की चोर कळेल, आणि चोर कळला की त्याच्या सवयींवरून जागा कळेल. हवालदार वस्तू दाराशी नेतो. शंका उंबरठा ओलांडणार नाही. म्हणजे शोधायची जागा निम्म्याने कमी होईल. कल्पना चुकीची नव्हती, हे मी आजही म्हणेन.

मामीने विचारलं, आधी कपाटाखाली बघू का? मामा म्हणाला, पुराव्याला हात लावू नकोस. मामी कपाटाखाली बघायला गेलीच. तिला तिथे मागच्या वर्षीचा एक खोडरबर आणि मामाचा हरवलेला चष्मा सापडला.

मी व्हर्नियर कॅलिपर घेतला. मेणावरच्या वरच्या दोन सुळ्यांमधलं अंतर चौदा पूर्णांक तीन मिलिमीटर. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेच. मामाने मेणाच्या नव्या पट्ट्या कोमट केल्या आणि आम्ही हवालदाराकडे गेलो. त्याने पहिली पट्टी चावली, दुसरी चावली, तिसरी आपणहून मागितली. सोळा पूर्णांक आठ. अडीच मिलिमीटरचा फरक, म्हणजे तो सुटला. मला थोडं वाईट वाटलं, कारण माझा संशय त्याच्यावरच होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून त्याला ते कळलं असावं.

शंकेला बावीस मिनिटं लागली. मेण नाकासमोर धरलं की ती मेणाकडे बघायची, मग मामाकडे, मग माझ्याकडे. मग एक पंजा पुढे. मग मागे. मेण गार व्हायचं, मामा ते पुन्हा कोमट करायचा, आणि नव्याने सगळा विचार पहिल्यापासून. मामाने अखेर पट्टीला दूध लावलं. तिने चावलं तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. तेरा पूर्णांक एक.

मामाने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. दोन्ही ठसे जुळत नव्हते. मामा हळू आवाजात म्हणाला की याचा एकच अर्थ होतो. हे काम बाहेरच्या मांजराचं आहे.

खिडकी उघडी होती, ही गोष्ट खरी. गल्लीच्या टोकाला एक पिवळा बोका राहतो, हीसुद्धा. मामाने स्कूटर काढली, मी मागे बसले, हातात मेणाची पट्टी आणि कॅलिपर. तो बोका आम्हाला तीन गल्ल्यांपलीकडे एका भिंतीवर सापडला. मामाने त्याला “बाळा” म्हणून हाक मारली, भिंतीवर चढायचा प्रयत्न केला, उतरला. बोक्याने तोंड उघडून एक मोठी जांभई दिली आणि त्या एका क्षणात आम्हा दोघांना दिसलं की त्याच्या तोंडात सुळा एकच आहे. ठसा दोन सुळ्यांचा होता. आम्ही परत फिरलो. वाटेत मामा एका चौकात हिरवा दिवा लागला तरी थांबून राहिला.

तीन वाजून पाच मिनिटांनी त्याने स्कूटर आतल्या बोळात लावली आणि सवयीप्रमाणे तिच्यावर कापडी आच्छादन टाकलं. आम्ही आत आलो. पंधरा मिनिटं मेणाकडे बघत बसलो. मग बेल वाजली. बाई दहा मिनिटं लवकर आल्या होत्या.

बाईंनी हिरवी रेशमी साडी नेसली होती आणि तोंडावर पांढरा रुमाल धरला होता. हवालदाराने त्यांची पर्स हुंगली. त्यांनी एका नजरेत त्याला बाजूला केलं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. दात नसताना त्या बोलत नव्हत्या. पर्समधून छोटी वही काढायच्या, लिहायच्या आणि वही समोरच्याकडे फिरवायच्या. पहिल्या पानावर लिहिलं होतं: तयार?

मामाचे हात मागे गेले. मी इतके दिवस त्याला पाहत होते, त्यामुळे मला माहीत होतं की त्याच्याजवळ दोन-तीन सोयीची उत्तरं असतात: लाईट गेली होती, डॉक्टरांकडून उशीर झाला, शेवटचं पॉलिश राहिलंय. यातलं एक तरी तो देईल असं मला वाटलं. तो म्हणाला, “बाई, कवळी मांजराने नेली.”

बाईंनी रुमाल हलू दिला नाही. त्या खुर्चीवर बसल्या. मग मामाने सगळं सांगितलं, अगदी सुरुवातीपासून. वाडगा, मेण, कॅलिपर, हवालदाराचे सोळा पूर्णांक आठ, शंकेची बावीस मिनिटं, पिवळा बोका, भिंत. एकही गोष्ट गाळली नाही, भिंतीवर चढल्याचंसुद्धा सांगितलं. माझं काम मोजमापाचं होतं म्हणून आकडे मी सांगत होते. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की ऐकायला हे सगळं फारसं बरं वाटत नाही.

बाईंनी वहीत लिहिलं आणि वही फिरवली. घरात मांजरं किती?

“तीन,” मामा म्हणाला.

पुन्हा लिहिलं. तपासली किती?

 मामाने माझ्याकडे पाहिलं, मी मामीकडे पाहिलं, आणि मामी छताकडे बघायला लागली.

“दोन,” मी म्हणाले. “तिसरी झोपते, बाई.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. गृहपाठ घरी राहिला असं सांगणाऱ्या हजारो मुलांकडे त्यांनी तसं पाहिलं असणार. मला माझ्या प्रयोगशाळेतल्या सरांचं एक वाक्य आठवलं, की ज्या नमुन्याबद्दल तुमची खात्री आहे तो आधी तपासा, आणि मान आपोआप खाली गेली. गेल्या अडीच तासांत मी पिठीला निदान चार वेळा पाहिलं होतं. ती टाकीच्या झाकणावर होती, रोजच्यासारखी, अंगाचं वेटोळं करून. मी तिच्या डावीकडे शोधलं होतं, उजवीकडे शोधलं होतं, टाकीच्या मागे हात घातला होता. तिच्या खाली पाहायचं मला सुचलं नव्हतं. चोरी करायला जाग असावी लागते, असं मी गृहीत धरलं होतं.

आम्ही चौघंही टाकीकडे वळलो. झाकण रिकामं होतं. पण त्याच्यावर प्लास्टरची बारीक धूळ साचलेली असते आणि त्या धुळीत एक ओला होऊन सुकलेला ठसा होता, घोड्याच्या नालेच्या आकाराचा, पुढच्या बाजूला एक दात किंचित तिरका. मामाने तो बोटाने हवेतच गिरवला आणि म्हणाला, “माझीच आहे.”

झाकणाला मी हात लावला. गार. टाकी सव्वाबारालाच बंद केली होती, म्हणजे दोन-अडीचच्या सुमाराला ते निवलं असणार आणि पिठी उठली असणार. तक्त्याप्रमाणे पुढची जागा फ्रीजच्या मागचा कोपरा. मी धावले. तिथे शंका बसली होती, आपण इथे बसावं की नाही याचा विचार करत. पिठी नाही. खिडकीवर नाही. इस्त्री बंद होती. साडेतीन वाजले. शाळा तिथून पंचवीस मिनिटांवर.

मी मधोमध उभी राहिले आणि स्वतःला विचारलं की या क्षणी या घरात सर्वांत गरम काय आहे. रोज नसेल, पण आज असेल असं. आज आम्ही काय वेगळं केलं?

“मामा,” मी म्हणाले, “स्कूटर.”

बोळात चौघंही एका रांगेत गेलो, कारण बोळ तेवढाच रुंद आहे. पुढे मी, मग मामा, मग रुमाल धरलेल्या बाई, शेवटी मामी. स्कूटरच्या आच्छादनाला पायाच्या जागी एक गोल फुगवटा आला होता आणि तो श्वास घेत होता. मामाने कापड दोन बोटांनी उचललं.

पिठी इंजिनाला पाठ लावून झोपली होती. कवळी तिच्या पुढच्या पंजांवर होती, आणि पिठीची हनुवटी कवळीच्या टाळूच्या खोलगट भागात अशी चपखल बसली होती की मामाने ती तिच्याच मापाने बनवली असं वाटावं. चौदा शुभ्र दात तिच्या तोंडाखाली ओळीने बाहेर आलेले. झोपेत ती आम्हा सगळ्यांकडे बघून रुंद, सभ्य, थोडं तिरकं हसत होती.

 मग माझ्या मागून एक आवाज आला. आधी मला वाटलं बाईंना ठसका लागला. त्या हसत होत्या. रुमाल त्यांच्या हातातून खाली आला होता, तोंड पूर्ण उघडं, वर नुसत्या हिरड्या, आणि डोळ्यांतून पाणी. त्या भिंतीला टेकल्या आणि हसत राहिल्या. मामीला त्यांचं हसणं बघून हसू आलं, मला मामीचं बघून. मामा तेवढा हात मागे बांधून उभा होता, पण त्याच्या मिशा थरथरत होत्या. मग त्यानेही सोडून दिलं. पिठीने एक डोळा उघडला, आमच्या आवाजाबद्दल नापसंती दाखवली आणि पुन्हा मिटला.

कवळी तिच्या हनुवटीखालून काढणं हे नाजूक काम मामीने केलं. ती एका हाताने कवळी सरकवत गेली आणि दुसऱ्या हाताने तिथे घडी केलेला रुमाल सरकवत गेली. रुमाल बाईंचाच होता. त्यांनी तो स्वतःहून पुढे केला. मामाने कवळी धुतली, जंतुनाशकात बुडवली, पुन्हा धुतली, भिंगाखाली धरली. ओरखडा नव्हता. कडेला सुळ्याची एक पुसट खूण होती, ती मामीने मशीनवर वीस सेकंदांत घालवली. मला ती आधी मोजायची होती, पण तसं म्हणायची ती वेळ नव्हती.

बाईंनी आरशासमोर बसून कवळी बसवली. नवी कवळी बसवली की मामा सगळ्यांना साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावतो. त्या आकड्यांत इतके ‘स’ आणि ‘ष’ आहेत की कवळी जराही सैल असेल तर शिट्टी वाजते. बाईंना त्याने ते कसं सांगावं हे त्याला कळत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, “बाई, जरा साठपासून म्हणून दाखवता?”

“आता तू माझी परीक्षा घेणार, चुळबुळ्या?” बाई म्हणाल्या. त्या दिवसातलं त्यांचं हे पहिलं बोलणं. एकही शिट्टी वाजली नाही.

त्या म्हणायला लागल्या. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. आवाज खोलीभर झाला, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. मामा ओठ हलवत मनातल्या मनात सोबत म्हणत होता. चौसष्टला दारात पिठी उभी राहिली. कदाचित इंजिन निवलं असेल, कदाचित रुमाल तिला पसंत पडला नसेल. पासष्टला ती खोलीच्या मध्यावर आली. सहासष्टला तिने सगळ्यांवर नजर फिरवली आणि सदुसष्टला उडी मारून बाईंच्या मांडीवर, हिरव्या रेशमावर, गोल होऊन बसली. अडुसष्ट, बाई म्हणाल्या, पण हळू. एकोणसत्तर तर ऐकूच आलं नाही.

चार वाजायला दहा कमी होते. बाई तीस वर्षांत एकदाही शाळेत उशिरा पोचल्या नव्हत्या, ही गोष्ट मामाच्या वर्गातला प्रत्येकजण अजून शपथेवर सांगतो. मामाने टॅक्सी बोलावली. टॅक्सी आली. हॉर्न वाजला, एकदा, मग पुन्हा. मामीने दार उघडून धरलं. मी पर्स आणि भाषणाचे कागद घेऊन उभी राहिले.

“बाई,” मामा म्हणाला, “उशीर होतोय.”

बाईंनी मांडीकडे पाहिलं. पिठीची हनुवटी आता त्यांच्या मनगटावर होती.

“दिसत नाही का तुला?” त्या कुजबुजल्या. “झोपलीय ती. शाळेतल्यांना म्हणावं, स्वागतगीत दोनदा म्हणा.”

मामा हात मागे बांधून बाहेर गेला आणि टॅक्सीवाल्याला थांबायला सांगून आला.